उत्खननात सापडणारी जुनी बटणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मातीत सापडलेल्या जुन्या बटणांबद्दल जे प्रश्न सारखे विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. भर 18व्या आणि 19व्या शतकांतल्या ब्रिटिश, फ्रेंच आणि अमेरिकन बटणांवर आहे, कारण बटणावरून काळ ठरवण्याची पद्धत मुख्यतः त्यांच्या अभ्यासातून तयार झाली. महाराष्ट्राशी जिथे खरंच संबंध येतो, तिथे तोही सांगितला आहे.

एवढ्याशा बटणाला पुरातत्त्वात इतकं महत्त्व कशासाठी?

नाणं माणूस जपून ठेवतो. ते हरवलं तर शोधतो, पुरून ठेवतो, मुलानातवंडांना देतो. त्यामुळे नाणं पाडलं गेलं ते वर्ष आणि ते मातीत गेलं ते वर्ष यांत शंभर वर्षांचंही अंतर पडू शकतं. साधं बटण कुणी असं जपत नाही. दोरा तुटतो, बटण घरंगळतं आणि पडलं तिथेच राहतं. शिवाय 18व्या शतकापासून बटणं कारखान्यात होऊ लागली. ती करण्याची रीत दर काही वर्षांनी बदलत गेली आणि त्यातल्या बऱ्याच बदलांची पेटंटं, कायदे आणि लष्करी हुकूम कागदावर आहेत. म्हणून बटणाच्या नुसत्या बांधणीवरूनही काळ सांगता येतो.

मला याहून मोठं वाटणारं कारण वेगळं आहे. शिपाई, धोबीण, गुलाम म्हणून राबणारी माणसं, लहान मुलं यांची नावं दप्तरात क्वचितच सापडतात. त्यांच्या अंगावरचे कपडे कुजून गेले. राहिली ती बटणं.

जगातलं सर्वांत जुनं बटण कोणतं?

यावर बहुतेक वेळा मोहेंजोदडोचं नाव घेतलं जातं. तिथे वक्र शिंपल्याचं, दोरा ओवायला भोकं असलेलं बटण मिळालं आहे. ते सुमारे 5,000 वर्षांपूर्वीचं मानतात. पण सिंधू संस्कृतीतली ही बटणं शर्टाच्या पट्टीसारखी काजात अडकवायची होती, असं समजू नये. ती वस्त्रावर शोभेसाठी शिवत असावेत, असंच अभ्यासकांचं मत आहे.

कपडा बंद करण्यासाठी बटण आलं ते बऱ्याच नंतर. स्वीडनमध्ये बिर्का इथल्या व्हायकिंग काळातल्या थडग्यांत पुरुषांच्या छातीवर कांस्याच्या बटणांची ओळ मिळाली. कापड कुजून गेलं होतं, पण त्या ओळीवरून अंगरखा पुढून उघडणारा होता हे कळलं. काजांची ओळ असलेले अंगाबरोबर बसणारे कपडे युरोपात 13व्या-14व्या शतकांत रूढ झाले. लंडनला थेम्सकाठच्या ओल्या गाळात 14व्या शतकातल्या बाह्यांचे तुकडे मिळाले आहेत आणि त्यांवर कापडाचीच गुंडाळून केलेली बटणं आहेत. ग्रीनलँडमध्ये हेर्योल्फ्सनेस इथे 1921 साली गोठलेल्या जमिनीतून नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या, वस्तीतले कपडे निघाले, तेही याच धाटणीचे. कोरडी माती असती तर यातलं काही उरलं नसतं.

जुनं बटण हातात आलं तर आधी काय बघावं?

उलटं करा. सगळ्यांची नजर नक्षीकडे जाते, पण काळ बहुतेक वेळा पाठीवरून कळतो.

पाठीवर कडी आहे की बटणाला आरपार भोकं आहेत, हा पहिला भेद. कडी असेल तर ती बटणाबरोबरच ओतली आहे का ते पाहा. तशी असेल तर साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची बारीक रेघ पाठीवरून कडीपर्यंत गेलेली दिसते. शिसं-कथलाच्या मिश्रधातूची 18व्या शतकातली बरीच बटणं अशी आहेत. तारेची कडी नंतर डाख देऊन बसवली असेल, तर कडीच्या पायाशी डाखाचा फुगवटा असतो. पितळेच्या चपट्या बटणांत हा प्रकार भरपूर आढळतो आणि 18व्या शतकाच्या शेवटापासून तो फार वाढला. समोरचा पत्रा आणि पाठीचा पत्रा वेगळे करून कडेने दुमडलेले असतील, तर बटण बहुधा 19व्या शतकातलं.

बेंजामिन सँडर्स या बर्मिंगहॅमच्या कारखानदाराने 1813 साली असं दोन पत्र्यांचं, कापड चढवलेलं बटण काढलं. 1825 मध्ये त्याच्या मुलाने धातूच्या कडीऐवजी पाठीतून जाड कापडाचा झुबका बाहेर काढला. मातीत कापड कुजतं आणि गंजलेला पोकळ पत्रा तेवढा उरतो. अशा पत्र्याच्या पाठीला मधोमध गोल भोक दिसलं, तर तिथे तो झुबका असावा.

मग आकार मोजा. बटणाच्या धंद्यात माप ‘लाइन’मध्ये सांगतात, 40 लाइन म्हणजे 1 इंच. नोंदवहीत मात्र मिलिमीटरच लिहा.

पाठीवर इंग्रजी अक्षरं आहेत. त्यांवरून वर्ष कळतं का?

कळतं, पण अक्षरं वाचताना सावध राहायला हवं. 18व्या शतकाच्या शेवटी मुलाम्याच्या नावाखाली फसवणूक इतकी वाढली की ब्रिटिश संसदेने 1796 मध्ये खास बटणांसाठी कायदा केला. ‘गिल्ट’, म्हणजे सोन्याचा मुलामा, हा शब्द छापायचा तर इंचभर व्यासाच्या 144 बटणांना मिळून निदान 5 ग्रेन सोनं चढवलेलं हवं, असं त्यात ठरलं. 5 ग्रेन म्हणजे एक ग्रॅमच्या एकतृतीयांशाहूनही कमी. पुढच्या काळात ‘ट्रेबल गिल्ट’, ‘एक्स्ट्रा रिच’, ‘बेस्ट क्वालिटी’ असे शब्द पाठीवर उमटवायची चढाओढच लागली. शेतात नांगराला लागून येणाऱ्या चपट्या पितळी बटणांवर हे शब्द आजही वाचता येतात.

काळ्या कठीण रबराच्या बटणांची गोष्ट निराळी. त्यांच्या पाठीवर अशा रबराचं पेटंट घेणाऱ्या गुडइयरचं नाव आणि 1851 हे वर्ष असतं. ते बटण तयार झाल्याचं वर्ष नव्हे, पेटंटाचं वर्ष आहे. ज्या नॉव्हेल्टी रबर कंपनीची आद्याक्षरं त्यावर असतात, ती अशी बटणं पुढे कितीतरी वर्षं करत होती. त्यामुळे ‘1851चं बटण सापडलं’ असं लिहू नये. ‘1851 नंतरचं’ एवढंच म्हणता येतं.

बटणांचं वर्गीकरण कुणी केलं?

अमेरिकेत आजही ज्याचा आधार घेतात ते काम स्टॅन्ली साउथ यांचं, 1964 सालचं. नॉर्थ कॅरोलिनात दोन जागा शेजारी-शेजारी आहेत. ब्रन्सविक हे गाव 1726 मध्ये वसलं आणि 1776 मध्ये जळालं. फोर्ट फिशर यादवी युद्धातला किल्ला, 1865 मध्ये पडला. एका जागेचा काळ संपतो आणि दुसरीचा सुरू होतो त्यांत मोठी फट आहे. साउथ यांनी दोन्हीकडची बटणं बांधणीनुसार 32 प्रकारांत लावली. कोणता प्रकार कोणत्या काळातला, हे जागांच्याच तारखांवरून उघड झालं.

या पद्धतीत त्रुटी आहेत. ती दोनच जागांवर बेतलेली आहे आणि मधल्या वर्षांतल्या प्रकारांना तिच्यात नीट जागा नाही. तरी सुरुवात करणाऱ्याने आधी हीच शिकावी. बटण कसं बघायचं हे तिने शिकवलं.

पांढरं, चार भोकांचं, काचेसारखं बटण सापडलं. ते किती जुनं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

असं बटण दिसलं की बहुतेक जण काच किंवा चिनीमाती असं लिहून मोकळे होतात. भिंगाखाली पाठ बघा. समोरची बाजू गुळगुळीत आणि पाठ मात्र संत्र्याच्या सालीसारखी बारीक खळग्यांची असेल, तर ते प्रॉसर पद्धतीचं बटण आहे. रिचर्ड प्रॉसर यांनी 1840 मध्ये इंग्लंडमध्ये याचं पेटंट घेतलं. ओली माती साच्यात थापण्याऐवजी जवळजवळ कोरड्या मातीची पूड पोलादी साच्यात दाबून, बटणं पाडून भाजायची, अशी ती युक्ती. दाबल्या जाणाऱ्या पुडीमुळे पाठ खडबडीत राहते. प्रॉसर यांच्या भावाने लगेच 1841 मध्ये अमेरिकेतही पेटंट घेतलं.

इंग्लंडमध्ये मिंटन या नामांकित कारखान्याने ही बटणं काढली, पण बाजार मारला तो फ्रान्सने. बाप्तेरोस या फ्रेंच कारखानदाराने पुडीत दूध घालून ती अधिक चिकट केली आणि एका दाबात शेकडो बटणं पाडणारं यंत्र बसवलं. ब्रिआर या गावातला त्याचा कारखाना इतकी स्वस्त बटणं विकू लागला की इंग्रजांनी हा धंदा सोडून दिला.

पुरातत्त्वाच्या दृष्टीने याचं मोल मोठं आहे. एखाद्या घराच्या जमिनीखालच्या अबाधित थरात असं एक जरी बटण मिळालं, तरी तो थर 1840 पूर्वी मिटलेला असूच शकत नाही. तिथल्या खापरांवरून कुणी कितीही जुना काळ सांगितला, तरी हे बटण आड येतं. उलट बाजूने मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण ही बटणं 20व्या शतकापर्यंत बनत राहिली. बटण ‘याच्या आधी नाही’ एवढं ठामपणे सांगतं. ‘याच्या नंतर नाही’ हे सांगायला दुसरा पुरावा लागतो.

सदरे, अंतर्वस्त्रं, मुलांचे कपडे यांना ही बटणं लागत, म्हणून ती घरांच्या आसपास मिळतात. अगदी लहान, 8 मिलिमीटरची बटणं आणि फुटलेली अर्धी बटणं 6 मिलिमीटरच्या जाळीतून निसटतात. उत्खननाच्या अहवालात ‘बटणं नगण्य’ असं वाचलं, तर चाळणी कोणत्या जाळीची होती तेही बघा. 3 मिलिमीटरची जाळी लावली की चित्र पालटतं.

हाडाच्या चकतीला मधोमध एकच भोक आहे. हे बटण की आणखी काही?

दोन्ही शक्य आहे. एका भोकाच्या अशा चकत्यांवर कापड किंवा दोरा चढवून बटण करत, म्हणजे चकती हा आतला गाभा. 18व्या शतकातल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या बटणांतही पातळ चांदीचा किंवा मुलाम्याचा पत्रा हाडाच्या चकतीवर बसवलेला असे. चार किंवा पाच भोकांची हाडाची बटणं मात्र तशीच, उघडी वापरत.

चकतीपेक्षा तिच्याभोवतीचा कचरा जास्त बोलतो. गुराच्या फासळीची किंवा लांब हाडाची चपटी पट्टी आणि तिच्यात ओळीने गोल भोकं, कडेला अर्धवट कापलेला एखादा गोल. अशी पट्टी सापडली तर त्या जागी बटणं विकत घेतली जात नव्हती, तिथेच पाडली जात होती. लष्करी छावण्या आणि गरिबांच्या वस्त्या दोन्हीकडे अशा पट्ट्या मिळाल्या आहेत. मटण खाऊन उरलेल्या हाडातून बटण काढायला फिरकीच्या पात्याखेरीज फारसं काही लागत नव्हतं.

शिंपल्याच्या आणि प्लास्टिकच्या बटणांचं काय?

समुद्री शिंपल्याची बटणं 19व्या शतकात भरपूर होती. नदीतल्या शिंपल्यांची बटणं अमेरिकेत 1891 पासून आयोवातल्या मस्कटाइन गावी होऊ लागली, ती योहान बोपले या जर्मन कारागिरामुळे. तिथे मिसिसिपीच्या काठावर गोल भोकं पाडलेले रिकामे शिंपले अजून सापडतात. प्लास्टिकमध्ये दुधातल्या केसिनचं बटण 1900च्या आसपास आणि बेकेलाइटचं 1907 नंतर. केसिनचं किंवा बेकेलाइटचं बटण सापडलं तर तो थर 1900च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा.

सैनिकी बटणावर आकडा असतो, तो कशाचा?

रेजिमेंटचा. ब्रिटिश पायदळात 1767 च्या राजाज्ञेपासून प्रत्येक रेजिमेंटचा क्रमांक बटणावर आला. शिपायांची बटणं 1855 पर्यंत शिसं-कथलाची, मग पितळेची. 1871 मध्ये साध्या शिपायांच्या बटणांवरून क्रमांक गेला आणि सर्वांसाठी राजचिन्हाचं एकच बटण आलं. म्हणजे क्रमांक असलेलं शिसं-कथलाचं ब्रिटिश बटण 1767 ते 1855 या पट्ट्यातलं, एवढं एका नजरेत कळतं.

इथे महाराष्ट्राचा थेट संबंध येतो. 23 सप्टेंबर 1803 रोजी जालना जिल्ह्यातल्या असईला मराठ्यांविरुद्धच्या लढाईत ब्रिटिश सेनापती वेलस्लीच्या फौजेत 74वी आणि 78वी या दोन हायलँड रेजिमेंट होत्या. त्यांतल्या 74वीची तर त्या दिवशी दाणादाण उडाली. त्याच नोव्हेंबरात अडगाव, मग डिसेंबरात गाविलगड. या रणभूमींवरच्या शेतांत ‘74’ किंवा ‘78’ आकड्याचं करड्या धातूचं चपटं बटण नांगराला लागणं अगदी शक्य आहे. ते नेमकं कुठल्या बांधाजवळ, किती खोल आणि कोणत्या गोळ्यांच्या शेजारी मिळालं, याची नोंद झाली तर रेजिमेंट कुठे उभी होती आणि कुठे मोडली हे जमिनीवर दाखवता येईल. कुणी ते उचलून खिशात घातलं की ते एका जुन्या रेजिमेंटचं बटण तेवढं उरतं.

एक खबरदारी घ्या. रेजिमेंट बरखास्त झाली की तिचा क्रमांक पुढे दुसऱ्याच तुकडीला मिळत असे. 1777 ते 1784 मध्ये वेगळीच एक 74वी रेजिमेंट होती. असईला लढलेली 74वी 1787 मध्ये उभारली गेली. त्यामुळे आकड्याबरोबर अक्षरांची धाटणी आणि कडीही बघावी लागते.

नेपोलियनच्या सैनिकांची कथलाची बटणं थंडीने भुकटी झाली, म्हणून तो रशियात हरला, हे खरं आहे का?

ही गोष्ट फार लोकप्रिय आहे आणि तिच्यामागचं रसायनशास्त्र खरं आहे. शुद्ध कथील 13.2 अंश सेल्सिअसच्या खाली हळूहळू आपली रचना बदलतं, फुगतं आणि त्याची राखाडी भुकटी होते. पण घोडं पेंड खातं ते पुढे. हा बदल फार सावकाश होतो, आणि शिसं किंवा अँटिमनी थोडंसं जरी मिसळलेलं असलं तर तो जवळजवळ थांबतो. बटणाचं कथील कधी शुद्ध नसे. शिवाय फ्रेंच लाइन पायदळाच्या कोटाची बटणं पितळी होती.

यापेक्षाही भक्कम उत्तर जमिनीतून आलं. 2001 मध्ये लिथुआनियाच्या व्हिल्निअस शहरात जुन्या सोव्हिएत बराकी पाडताना एक सामूहिक दफन लागलं. माघार घेताना 1812 च्या डिसेंबरात तिथे पोहोचून मेलेले हे नेपोलियनचे सैनिक होते, तीन हजारांहून अधिक. पुरण्यासाठी गोठलेली जमीन खणता येईना, म्हणून त्यांना आधीच खणलेल्या संरक्षक चरात टाकलं होतं. हाडांबरोबर बटणं निघाली, शाबूत, आकडे वाचता येतील अशी. त्या आकड्यांवरून मृत सैनिक कोणकोणत्या रेजिमेंटचे होते ते कळलं. हे सैनिक थंडी, उपासमार आणि रोगाने मेले. त्यांच्या दातांतून आधी उवांमार्फत पसरणाऱ्या रोगांचे जंतू ओळखले गेले आणि 2025 मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात पॅराटायफॉइड आणि उलटून येणाऱ्या तापाचे जंतू मिळाले. बटणांनी त्यांना दगा दिला नव्हता.

एका देशाचं बटण भलत्याच देशात कसं सापडतं?

याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे फिनिक्स बटणं. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, कोलंबिया नदीच्या काठी, मूळ रहिवाशांच्या जुन्या वस्त्यांत आणि फोर्ट व्हँकुव्हर या व्यापारी ठाण्यावर पितळी बटणं मिळतात. वर आगीतून उठणारा फिनिक्स पक्षी, खाली आकडा, भोवती फ्रेंच वाक्य, अर्थ असा की ‘मी माझ्या राखेतून पुन्हा जन्मतो’. पाठीवर लंडनच्या बुशबी या कारखानदाराचं नाव.

ही बटणं हैतीच्या राजाची. आंरी क्रिस्तोफ हा गुलामांच्या उठावातून वर आलेला सेनापती. 1802 मध्ये फ्रेंच आरमार आलं तेव्हा शहर त्यांच्या हाती देण्यापेक्षा त्याने काप हे शहर स्वतःच पेटवून दिलं होतं, म्हणजे फिनिक्स आणि राख ही त्याच्यासाठी नुसती शोभेची कल्पना नव्हती. 1811 मध्ये तो उत्तर हैतीचा राजा झाला आणि त्याच्या सैन्यासाठी लंडनला ही बटणं पडली. 1820 मध्ये बंड झालं, क्रिस्तोफने जीव दिला आणि त्याचं राज्य संपलं. न खपलेली बटणं कुणीतरी स्वस्तात उचलली असावीत आणि ती व्यापाराच्या मालात जगाच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे चामड्यांच्या बदल्यात ती दिली गेली. ज्यांनी ती घेतली त्यांना हैती ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. चकाकणारा पक्षी त्यांनी गळ्यात आणि कपड्यांवर मिरवला.

तेव्हा सापडलेल्या सैनिकी बटणावरून ‘इथे त्या रेजिमेंटचा तळ होता’ असं लगेच म्हणू नये. जुने गणवेश विकले जात, बटणं कापून पुन्हा लावली जात, शिल्लक माल बाजारात येई.

बटणावरून मृत सैनिकाची ओळख पटते का?

व्यक्तीची नाही, पण सैन्याची बहुधा पटते, आणि तिथूनच पुढचा मार्ग सापडतो. फ्रान्समधल्या फ्रोमेल इथे जुलै 1916 च्या लढाईत मेलेल्या ऑस्ट्रेलियन आणि ब्रिटिश सैनिकांना जर्मनांनी सामूहिक खड्ड्यांत पुरलं होतं. 2009 च्या उत्खननात 250 सैनिकांचे अवशेष निघाले. बटणं, बकलं आणि बिल्ले यांवरून कोण ऑस्ट्रेलियन आणि कोण ब्रिटिश ते बरंचसं लागलं. मग कुणाच्या नातेवाइकांचा डीएनए ताडून बघायचा ते ठरवता आलं. कित्येकांना 90 हून अधिक वर्षांनी त्यांचं नाव परत मिळालं. अशा ठिकाणी बटण हाडांपासून किती अंतरावर आणि शरीराच्या कोणत्या भागावर होतं याची नोंद बटणाइतकीच मोलाची असते.

मेटल डिटेक्टर पुरातत्त्वाचा शत्रू आहे का?

यंत्राला दोष देऊन उपयोग नाही. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या 1876 च्या रणभूमीवर 1983 मध्ये गवताला आग लागली आणि जमीन उघडी पडली. 1984 पासून डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी तिथे डिटेक्टर घेतलेल्या स्वयंसेवकांना ओळीने चालवलं. यंत्र वाजलं की तिथे झेंडी लावायची, मागून येणारा उकरणार, त्याच्या मागचा मोजणार. काडतुसं, गोळ्या, सैनिकांच्या पँटींची बटणं, सगळं नकाशावर बिंदू-बिंदूने उतरलं आणि लढाई कशी सरकत गेली ते दिसलं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 1997 पासून लोकांनी स्वतःहून सापडलेल्या वस्तू नोंदवण्याची सरकारी योजना चालते, मुख्यतः 300 वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी. तिच्यामुळे मध्ययुगीन कपड्यांच्या बटणांचं ज्ञान फार वाढलं. पण कुणी डिटेक्टर घेऊन गडावर रात्री खणत असेल, तर त्याची बाजू मी घेणार नाही. त्याने उचललेली वस्तू तशीच राहते, तिची गोष्ट कायमची जाते.

अमेरिकेत गुलामांच्या झोपड्यांच्या जागी इतकी बटणं का मिळतात?

मालक वर्षातून एकदा-दोनदा जाडंभरडं कापड किंवा तयार कपडे वाटत. ते एकसारखे असत. उत्खननात मात्र तऱ्हेतऱ्हेची बटणं येतात: हाडाची, मुलाम्याची, नक्षीची, काचेचा खडा बसवलेली. मालकाच्या वाटपाच्या यादीतून ही विविधता येणार नाही. परसात पिकवलेली भाजी, पाळलेल्या कोंबड्या विकून मिळालेल्या पैशातून त्यांनी ती घेतली, कुणी टाकलेल्या कोटाची कापून ठेवली, मुलांनी खेळायला घेतली. एकेकाळचे अमेरिकन राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या माँटिचेलो मळ्यावर 2000 साली सुरू झालेल्या डिजिटल संग्रहात अशा अनेक जागांची बटणं एकाच पद्धतीने मोजून, वर्णन करून नोंदवली आहेत. त्यामुळे एका जागेची दुसरीशी तुलना करता येते. जिथे कपडे धूत, तिथे ती जास्त सांडतात. धोपटण्याने कपडा आपटला की आधी बटण तुटतं.

मग आपल्याकडच्या उत्खननांत बटणं इतकी कमी का?

कारण आपले कपडे बटणावर चालत नव्हते. साडी, धोतर, पागोटं ही न शिवलेली वस्त्रं. शिवलेल्यांपैकी अंगरखा आणि बाराबंदी नाड्यांनी बांधायची. गुंडी असलीच तर ती बहुधा कापडाची किंवा दोऱ्याची, आणि चार पावसाळ्यांत तिचं काही उरत नाही. कोकणातली जांभ्याची आम्ल माती तर हाड आणि शिंपलाही खाऊन टाकते. देशावरची चुनखडीयुक्त काळी माती हाडं बऱ्यापैकी जपते.

आणखी एक कारण आमच्या सवयीतलं आहे. 18व्या-19व्या शतकांचे थर वरचे, म्हणून प्राचीन वस्तीपर्यंत पोहोचण्याच्या घाईत ते लवकर उपसले जातात. जुने कँप, छावण्या, रेल्वे वसाहती, गिरण्यांच्या चाळी यांच्या मातीकडे कुणी उत्खननाच्या नजरेने बघायला हवं. तिथे बटणं आहेत.

शेतात किंवा गडावर मला जुनं बटण सापडलं, तर काय करू?

संरक्षित स्मारक असेल तर काहीही उकरू नका, उचलू नका. 1958 च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियमानुसार परवान्याशिवाय तिथे खणता येत नाही. वर पडलेलं दिसलं तर फोटो काढा आणि तिथल्या कर्मचाऱ्याला दाखवा.

स्वतःच्या शेतात मिळालं तर 1878 चा निखात निधी कायदा लक्षात घ्या. जमिनीत दडलेली 10 रुपयांहून अधिक किमतीची वस्तू मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. 100 वर्षांहून जुन्या वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावशेष ठरू शकतात. परवान्याशिवाय त्यांचा धंदा करता येत नाही आणि त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. त्यामुळे ‘ऑनलाइन विकलं तर किती मिळतील’ या प्रश्नाला माझ्याकडे याखेरीज उत्तर नाही. तहसील कार्यालयाकडून किंवा राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडून पुढचं मार्गदर्शन मिळतं.

ते घासून चकचकीत करू का?

नको. चिंच, लिंबू, राख, पितळेची पावडर, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका. मुलामा केसाच्या जाडीच्या कितीतरी पट पातळ असतो, एका घासणीत तो जातो आणि त्याबरोबर अक्षरंही. पितळी बटणावर फिकट हिरवे, भुसभुशीत ठिपके दिसले तर तो क्षाराने सुरू झालेला गंज आहे. अशा बटणाला पाणी लावू नका, सिलिका जेलच्या पुडीबरोबर हवाबंद डबीत ठेवा. हाडाचं बटण उन्हात वाळवलं की तडकतं, ते सावलीत हळूहळू वाळू द्या. शिंपल्याला आंबट काही लावलं तर तो विरघळतो. चिकटलेली सैल माती मऊ ब्रशने हलकेच काढा आणि थांबा. कडीत दोऱ्याचा धागा अडकलेला असेल तर त्याला हातही लावू नका. कापडाचा तेवढाच पुरावा उरलेला असतो.

नोंद कशी ठेवू?

बटण उचलण्याआधी, ते जागेवर असताना फोटो काढा. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा, म्हणजे आकार कळेल. मोबाइलवरून त्या ठिकाणचे अक्षांश-रेखांश लिहून घ्या. गट नंबर, जवळचा बांध किंवा विहीर, अंदाजे खोली, मातीचा रंग लिहा. आजूबाजूला आणखी काय होतं तेही लिहा: खापरं, काच, शिशाच्या गोळ्या, कोळसा. मग व्यास, जाडी, धातू, कडी की भोकं आणि किती भोकं. समोरचा, पाठीचा आणि कडेचा असे तीन फोटो काढा. अक्षरं पुसट असतील तर बॅटरीचा उजेड अगदी आडवा टाका, खोदलेल्या रेघांत सावली पडते आणि वाचता येतं. एका बटणाला एक पाकीट, पाकिटावर पेन्सिलने तोच क्रमांक. शाई ओलाव्याने पसरते.